साठाचे सदतीस

“मग कोंबड्या पितात का पेट्रोल? सांग की! नऊशे आहेत आत. कुठली पिते ते दाखव, तिला आत्ता वेगळी काढतो!”

“माझ्यावर कशाला खेकसतोस दादा? गाडीला विचार. तिच्या पोटात गेलंय, माझ्या नाही.”

“गाडीला तोंड असतं ना, तर पहिली तुझी तक्रार केली असती तिनं.”

थोरल्याच्या हातात वेताची काठी होती. मारायची नव्हे, मोजायची. मोटारसायकलच्या टाकीचं झाकण उघडून काठी बुडाला टेकेपर्यंत सोडायची, बाहेर काढायची आणि किती ओली आली ते बघायचं. काठीवर ब्लेडनं सात खुणा केलेल्या, दर वाराला एक. रविवारी सकाळी पाच लिटरचा कॅन थोरला स्वतः ओतायचा, थेंब सांडू नये म्हणून नरसाळ्याखाली बोट धरून. पूर्वी पुढच्या रविवारी काठी अजून दोन बोटं ओली यायची. आज शुक्रवार होता आणि काठीचं नुसतं टोक ओलं होतं.

थोरल्यानं ते टोक धाकट्याच्या नाकासमोर नाचवलं.

धाकटा चोवीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी थोरला शेडच्या पत्र्यावरून खाली आला, कंबर कामातून गेली, आणि गाडी धाकट्याच्या हातात आली. रोज चोवीस ट्रे अंडी, चौदा दुकानं, येताना कोंबड्यांच्या खाद्याची दोन पोती. चौतीस किलोमीटर. सुट्टी नाही, कारण कोंबड्यांना रविवार कळत नाही.

“हात दाखव,” थोरला म्हणाला.

“काय?”

“हात.”

धाकट्यानं हात पुढे केले. थोरल्यानं वाकून वास घेतला. वाकताना कमरेत कळ आली तसा त्याचा एक डोळा बारीक झाला. “येतोय पेट्रोलचा वास.”

“गाडी चालवणाऱ्याच्या हाताला काय अत्तराचा वास येणार?”

वहिनी पाटावर बसून ओल्या फडक्यानं अंडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, ती काठी खाली ठेवा आधी. ट्रेला लागेल.”

“साठ द्यायची ही गाडी,” थोरला तिलाच सांगायला लागला, जसं काही तिनं हे कधी ऐकलंच नव्हतं. “लिटरला साठ! माझ्या हातात. आणि आता? एक तर हा पेट्रोल विकतो, नाहीतर त्या बेकरीवाल्याच्या मुलीपायी चकरा मारतो.”

“तिचं लग्न झालं मागच्या वर्षी,” धाकटा म्हणाला.

“म्हणजे विकतोस.”

धाकट्याचे कान लाल झाले. राग आला की त्याचं असंच व्हायचं. शब्द सगळे एकदम दाराशी यायचे आणि एकही बाहेर पडायचा नाही.

“रविवारी दुपारी मेव्हणा येतोय,” थोरला म्हणाला. “चावी त्याच्याकडे जाईल. तू शेडमध्ये. विष्ठा काढायची, पाणी बघायचं. तिथं पेट्रोल लागत नाही.”

वहिनीनं हातातलं अंडं ट्रेमध्ये ठेवलं. येणारा तिचाच भाऊ होता. मग तिनं पुढचं अंडं उचललं.

शेड धाकट्याला नवीन नव्हतं. शाळा सोडल्यापासून पाच वर्षं त्यानं तिथली विष्ठा ओढली होती. त्या वासानं सकाळी डोळे उघडायचे नाहीत आणि रात्री मिटायचे नाहीत. कोंबड्या पायांत चोची मारायच्या. कुणी बोलायला नाही, कुणी हाक मारायला नाही. गाडीवर बसला की तोच माणूस चौदा दुकानांचा अंडीवाला व्हायचा. लोक त्याची वाट बघायचे, उशीर झाला तर शिव्या द्यायचे. त्या शिव्यासुद्धा त्याला बऱ्या वाटायच्या. त्या निदान त्याच्या नावावर तरी होत्या.

त्यानं ट्रे चढवले. मागच्या लाकडी फळीवर दोन थप्प्या, बारा-बारा ट्रेच्या. वरून पोत्याचा तुकडा, मग जुन्या ट्यूबचा पट्टा, घट्ट पण फार घट्ट नाही. थोरला आत गेल्यावर तो चाकांपाशी उकिडवा बसला आणि रोजचं काम केलं. व्हॉल्व्हची पिन नखानं दाबली, हवा फुसफुसली, मनात आठपर्यंत आकडे मोजले आणि सोडली. पुढचं चाक आठ, मागचं बारा. संध्याकाळी परत आला की पंपानं ती पुन्हा भरून ठेवायचा. अंगठ्यानं दाबलं की टायर पिकल्या फळासारखा आत जायला हवा. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा दीड किलोमीटर पाइप टाकायला खणला होता, तो परत कुणी बुजवला नव्हता. सगळे धोंडे वर. पुढे दुकानांच्या गल्ल्याही तशाच खणलेल्या. कडक टायरवर त्या धोंड्यांतून अंडी नेणं म्हणजे ती घरीच फोडून न्यावीत. धाकट्याची मऊ गाडी त्यावरून बोटीसारखी जायची. दोन वर्षांत फुटलेली अंडी हाताच्या बोटांवर मोजता आली असती. हे त्याचं त्यालाच सापडलेलं होतं, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कुणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी त्यानं पेट्रोल वाचवायचं म्हणून जीव टाकला. उतारावर इंजिन बंद केलं. दुकानापुढे गाडी ढकलत नेली. वीटभट्टीपाशी चढावर उतरून चालला, तेव्हा भट्टीवरचा एकजण ओरडला, “काय रे, गाडीला फिरवायला आणलंस का?” धाकट्यानं त्याच्या अंगावर एक दगड भिरकावला. लागू नये इतपत लांब.

चौदा दुकानं झाली, पोती लादली आणि तो परत येताना वीटभट्टीजवळच्या गॅरेजवर थांबला. तिथल्या मेकॅनिकला सगळे थांबकाका म्हणायचे, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं.

“काका, गाडी ॲव्हरेज देत नाही.”

“थांब. किती देते?”

“माहीत नाही.”

“थांब. माहीत नाही तर देत नाही हे कसं माहीत?”

त्यानं खिळ्यावरची सलाईनची रिकामी बाटली काढली. तिच्यात मापानं शंभर मिली पेट्रोल भरलं, आरशाच्या दांड्याला उलटी टांगली, टाकीचा कॉक बंद केला आणि बाटलीची नळी कार्बोरेटरला जोडली. “जा. बंद पडेपर्यंत जा. मग आकडा बघ.”

पोत्यांसकट धाकटा निघाला. गाडीनं आचका दिला आणि मान टाकली, तेव्हा मीटरवर तीन किलोमीटर सातशे होते. बाटलीत टाकीतलं थोडं ओतून तो परत आला.

“सदतीस,” थांबकाका म्हणाला. “आता तुझ्या भावाला चोर हवाय ना? थांब. दाखवतो.”

आधी त्यानं एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला. भुसा, खाद्याची पिठासारखी धूळ आणि कोंबडीची दोन पांढरी पिसं बाहेर आली. “हा पहिला. श्वासच घेता येत नाही तिला.” मग प्लग काढला, तो तव्याच्या बुडासारखा काळा. “हा दुसरा.” गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हातानं फिरवलं. चाक दीड फेरी फिरून थांबलं. “हा तिसरा. ब्रेक धरूनच चालवतोस. चेन बघ, वाळलेली. चौथा. क्लच घसरतोय, इंजिन बोंबलतं आणि चाक ऐकत नाही. पाचवा.”

“पण एकदम कसं झालं हे?”

“एकदम नाही रे. नऊ वर्षांत झालं. प्रत्येकानं दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर नेले. एकानंच वीस नेले असते तर तू पहिल्याच दिवशी पकडला असतास.”

दीड तास तो पुसत, घासत, आवळत, सैल करत बसला. बाटली पुन्हा भरली. चौरेचाळीस आले.

थांबकाकानं मान हलवली आणि बसल्याजागी अंगठा टायरवर दाबला. अंगठा आत गेला. “पंक्चर आहे?”

“नाही.”

“मग?”

“मीच काढतो हवा.” धाकट्यानं धोंडे सांगितले, अंडी सांगितली, आठ आणि बारा सांगितले. बोलताना त्याला आतून जरा ऐट वाटत होती.

थांबकाका हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाला, “अंड्यांना गादी घातलीस, आणि इंजिनाला रोज चिखलातून चालवलंस.” त्यानं पंप लावून दोन्ही टायर दगडासारखे केले. “जा आता.”

पाच किलोमीटर शंभर. एक्कावन्न.

धाकटा गाडीवरून उतरला नाही. “म्हणजे सात मी खाल्ले?”

“तू नाही. अंड्यांनी.”

“आणि साठ?”

“साठ ती नवी असताना द्यायची. तेव्हा आठ ट्रे होते, रस्ता गुळगुळीत होता, आणि तुझा भाऊ तुझ्यासारखा काटकुळा होता. इंजिनातली रिंग झिजली बाबा. तुझ्या भावाला म्हणावं, तू पहिल्यासारखा पत्र्यावर चढून दाखव, मग गाडीकडे साठ माग.”

हे घरी सांगायचं म्हणजे कसं सांगायचं, याची धाकट्यानं वाटेत तीनदा तालीम केली. घरी पोचल्यावर थोरल्यानं मीटरचा आकडा खडूनं दारावर लिहून घेतला आणि विचारलं, “एवढा उशीर? कुठं होतास?” तालीम सगळी वाया गेली. “मसणात,” धाकटा म्हणाला आणि पोती उतरवायला लागला.

शनिवारी त्यानं हवा काढली नाही. एक्कावन्न तर एक्कावन्न, काठी जरा तरी ओली राहील, असा हिशोब. धोंड्यांवर गाडी आली आणि हँडल हातातून उसळायला लागलं. त्यानं पहिला गिअर टाकला, पायांनी जमीन चाचपत गेला. तरी मागून आवाज यायला लागला. मोठा नाही. कुणीतरी बोट मोडावं तसा. एक. मग दोन एकदम. प्रत्येक आवाजाला त्याचे खांदे कानांपर्यंत यायचे.

पहिल्या दुकानातल्या बाईनं ट्रे उचलला तर खालून पिवळी धार लागली. “अगं बाई! शिजवायचं तेवढं राहिलं होतं, नाही का?” तिनं ट्रे परत केला. धाकट्यानं तिच्याच फडक्यानं तिचा गल्ला पुसून दिला. ती तोपर्यंत हात वर धरून उभी होती.

सव्वीस फुटली. दुपारी थोरल्यानं ट्रे उन्हात मांडून एकेक खळगा बघितला.

“सव्वीस! एवढ्या दिवसांत कधी नाही आणि आज सव्वीस? चावी जाणार म्हणून मुद्दाम फोडलीस ना?”

“हवा काढली नाही म्हणून फुटली!”

“कसली हवा?”

झालं. तालीम नव्हती, काही नव्हतं, तरी सगळं बाहेर आलं. आठ, बारा, बाटली, सदतीस, चौरेचाळीस, एक्कावन्न, पिसं, ब्रेक, रिंग. थोरला ऐकत होता, पण त्यानं त्यातलं एकच उचललं.

“दोन वर्षं माझ्या गाडीची हवा काढतोस? मला न विचारता?”

“तुझ्या अंड्यांसाठी!”

“म्हणजे पेट्रोल खाल्लंस तूच. विकलं नाहीस, एवढंच.”

धाकट्यानं समोरच्या बादलीला लाथ घातली. बादली आडवी झाली, पाणी अंगणभर झालं, आणि शेडमधल्या नऊशे कोंबड्या एकदम ओरडायला लागल्या. त्या शांत होईपर्यंत कुणालाच बोलता येईना.

“भावजी,” वहिनी शेवटी म्हणाली, “ती भरून आणा.”

धाकटा गेला आणि भरून घेऊन आला. आणताना पायावर सांडली. थोरला बघत उभा होता.

“पाव्हणा येतोय ना उद्या,” धाकटा म्हणाला. “त्याला विचार, साठ पण आणणार आणि अंडंही फोडणार नाही, जमेल का.”

“त्याला कशाला विचारू? मी काय मेलोय? उद्या मी चालवतो. बाटली लावून, हवा फुल्ल भरून. एक अंडं फुटणार नाही आणि साठ येतील. हात लागतो त्याला, हात!”

“आणि कंबर?” वहिनीनं विचारलं.

“कंबर माझी आहे.”

“शेकायला मी आहे ना, म्हणून विचारलं.”

रविवारी थोरल्यानं सकाळी सात वाजता कमरेला पट्टा आवळला, नवा शर्ट घातला आणि गाडीवर पाय टाकायला गेला. पाय सीटवरून पलीकडे जाईना. थप्प्यांमुळे मागून टाकता येत नव्हता, पुढून उचलता येत नव्हता. धाकटा बघत राहिला. वहिनीनं उलटं घमेलं आणून ठेवलं, त्यावर चढून थोरला बसला. गाडी नेहमीचीच, पण क्लच सोडताना दोनदा बंद पडली.

“दोन वर्षांत क्लचची तार बदलली का हिची?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“वाटलंच.”

धाकटा शेजारची सायकल मागून मागोमाग निघाला. गाडीच्या आरशाला थांबकाकाकडून मागून आणलेली सलाईनची बाटली टांगलेली, शंभर मिली भरून. त्याला वाटलं होतं, जोर लावून पायडल मारावे लागतील. पण धोंडे सुरू झाले आणि तो थोरल्याच्या बरोबरीनं चालायला लागला, मग त्यालाच ब्रेक दाबावा लागला. थोरला पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, दोन्ही पाय बाहेर काढून बदकासारखा चालला होता. इंजिन किंचाळत होतं. प्रत्येक धोंड्याला थोरल्याच्या तोंडून ‘हं’ निघायचा आणि मागून ‘कट्’. हं, कट्. हं, कट्. धाकट्याला हसू येत होतं. थोड्या वेळानं यायचं थांबलं. थोरल्याच्या मानेवरून घाम वाहत होता आणि नवा शर्ट पाठीला चिकटला होता. पट्ट्याची कड शर्टातून दिसत होती. एका मोठ्या धोंड्याशी त्यानं गाडी थांबवली, ओठ चावला, आणि मागे न बघता पुन्हा सोडली.

डांबरी रस्ता लागल्यावर तो सुटला. दुसरा, तिसरा, चौथा. पाठ ताठ झाली. धाकटा मागे पडला. हीच ती चाल, लहानपणी त्यानं दारात उभं राहून बघितलेली. तेव्हा दादा वळणावर दिसेनासा होईपर्यंत तो बघायचा.

वळण ओलांडून धाकटा पुढे आला तर पाण्याच्या टाकीपाशी गाडी उभी होती. थोरला तिच्यावरच बसलेला. उतरायला घमेलं नव्हतं.

बाटली रिकामी होती. धाकट्यानं वाकून मीटर बघितलं. तीन किलोमीटर चारशे.

त्यानं आकडा मोठ्यानं वाचला नाही. वाचला असता, शुक्रवारी तर नक्कीच वाचला असता. पण खालच्या ट्रेमधलं पिवळं सायलेन्सरवर ठिबकत होतं आणि तिथंच भाजलं जात होतं. त्याचा वास सुटला होता. थोरला समोर टाकीच्या भिंतीकडे बघत होता.

“बाटलीला गळती आहे का?” थोरल्यानं विचारलं.

“नाही.”

“नळी बघ.”

धाकट्यानं नळी बघितली. “कोरडी आहे.”

“किती फुटली?”

धाकट्यानं पोत्याचा तुकडा उचलला. “मोजू?”

“राहू दे.”

एक बैल घेऊन कुणी म्हातारा शेजारून गेला. “काय अंडीवाले, आज जुना मालक?” म्हणाला. थोरल्यानं हात वर केला, नुसताच. म्हातारा लांब गेल्यावर म्हणाला, “मला उतरव.”

धाकट्यानं त्याच्या काखेत हात घातला. भाऊ एवढा जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. थोरला त्याच्या खांद्याला धरून खाली आला, तसाच धरून थोडा वेळ उभा राहिला, मग चाकापाशी गेला. बसायला जमेना म्हणून गुडघ्यावर टेकला. नवी पँट रस्त्यावर.

“किती काढायची म्हणालास?”

“पुढची आठ.”

“आठ काय? मिनिटं?”

“आकडे. मनात. सावकाश.”

थोरल्यानं पिनवर नख ठेवलं. हवा फुसफुसली. त्याचे ओठ हलत होते. आठला तो थांबला, अंगठ्यानं टायर दाबून बघितला, आणि धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानंही दाबून बघितला.

“अजून एक,” तो म्हणाला. थोरल्यानं अजून एक सोडली.

मागच्या चाकाची धाकट्यानं काढली, कारण थोरल्याला सरकता येत नव्हतं. मग त्यानं नळी पुन्हा पेट्रोलच्या टाकीला जोडली, कॉक उघडला, फुटकी अंडी चाचपून काढली आणि रस्त्याकडेच्या गवतात टाकली. हात गवतालाच पुसले.

“तो दुपारी येतोय,” थोरला म्हणाला. “मेव्हणा. चावी देतो म्हणून निरोप गेलाय. आता त्याला काय सांगू?”

“खोरं दे. शेडमध्ये जागा रिकामी आहे.”

थोरल्याला हसू आलं, पण कमरेनं ते अर्ध्यातच अडवलं. “आणि मी घरी कसा जाऊ? मागं जागा नाही.”

“सायकल आहे की. बसता नाही आलं तर धरून चाल, काठीसारखी.”

“तू मोठ्या भावाला रस्त्यात सोडून जाणार?”

धाकट्यानं किक मारली. गाडी दुसऱ्या किकला उठली. चावी गाडीलाच होती, ती थोरल्यानं मागितली नाही आणि धाकट्यानं विचारलं नाही.

“आठ वाजले दादा. चौदा दुकानं उघडली असतील. बाजूला हो, मला निघायला हवं आता.”